निवांत नावाचा वाचक

२ सप्टेंबर, मंगळवार

घरचं इंटरनेट पुन्हा रखडतंय. नवरा म्हणाला, "दिवसभर जगाची कॉम्प्युटरं सांभाळतेस, घरच्याला मात्र कुणी वाली नाही." बोचलं. म्हणून चहा पिता पिता भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीतली नोंद उघडली. घरातल्या कुठल्या फोनवरून कुठलं पान उघडलं गेलं, ते सगळं त्यात दिसतं. रखडण्याचं कारण लगेच सापडलं — साहेब एकाच वेळी तीन-तीन ठिकाणी फुटबॉल लावून बसतात आणि पाहत एकही नाहीत.

तिथेच बंद करायला हवं होतं. पण लेकीच्या फोनवरून एकच जागा रोज उघडलेली दिसली, नेमकी रात्री, गणिताच्या गृहपाठाच्या वेळेला. हौशी लोक स्वतःच्या गोष्टी जिथे लिहून टाकतात अशी जागा. आणि पान वाचायचं नाही, लिहायचं. टोपणनाव — अर्धी पायरी.

पत्ता समोर होता. उघडला नाही. आज तरी.

४ सप्टेंबर, गुरुवार

उघडला.

ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच समोर ठेवून. गोष्टीचं नाव 'चौथा मजला'. एक मुलगी आहे. तिच्या आईचा फोन सतत वाजत असतो, फक्त लिफ्टमध्ये सिग्नल जातो. म्हणून मुलगी काही ना काही कारण काढून आईला खाली नेते. दूध, झेरॉक्स, कुरियर. तळमजला ते चौथा मजला एवढा वेळ आई तिची असते. शेवटची ओळ अशी — 'आपली इमारत अजून उंच का नाही, असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, परवानगी मिळत नाही.'

असं मी खरंच म्हणाले होते. फोनकडे बघत.

डबा तसाच परत आणला. नवऱ्याने विचारलं, तब्येत बरी नाही का. म्हटलं, भाजी खारट झाली होती. भाजी त्याने केली होती. उगाच त्याच्या डोक्यावर पाप घातलं.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी बाल्कनीत स्टूल घेऊन बसले. गेल्या वर्षी सुतारकामाचा वर्ग लावला, त्याची एकुलती एक निष्पत्ती. डुगडुगतं. एक पाय कमी केला की दुसरा लांब होतो. लेक दारात उभी राहून म्हणाली, "आई, अजून थोडं घासलंस की याची फळी होईल." दोघी हसलो. मग फोन वाजला. मी उचलला. बोलून वळले तेव्हा ती गेली होती.

गोष्टीखाली एकाही वाचकाने काही लिहिलेलं नाही. गोष्ट टाकून महिना होत आला.

८ सप्टेंबर, सोमवार

त्या जागेवर खातं उघडलं. नाव काय द्यावं कळेना. 'निवांत' दिलं. मला ओळखणारं कुणीही मला या नावाने ओळखणार नाही.

लिहिलं — "शेवटची ओळ दिवसभर डोक्यातून जात नाहीये. त्या आईला ती वाचायला मिळायला हवी." पाठवलं.

संध्याकाळी लेक गुणगुणत घरी आली. न सांगता ताटं घेतली. बाबाला म्हणाली, "भाजी मस्त झालीय." नवरा माझ्याकडे बघून, "बघ. हिला नाही लागली खारट."

इतक्या स्वस्तात तिला इतका आनंद देता येतो, आणि तो मी चोरून दिला. तरी आनंद तर झाला ना — असं स्वतःला म्हणत ओटा पुसला.

१३ सप्टेंबर, शनिवार

कितीतरी वर्षांनी मी वाचतेय. लग्नाआधी जेवताना, बसमध्ये, कुठेही वाचायचे. मग नोकरी, मूल, सासूबाईंचं आजारपण — पुस्तकं कपाटात गेली आणि कपाटासमोर कपडे वाळत घालायचा स्टँड आला. आता लेकीच्या गोष्टी एकेक करून वाचल्या. सगळ्याच काही चांगल्या नाहीत. एकीत तिने पावणेदोन पानं नुसतं धुकं लिहिलंय. पण बसमध्ये शेजारी बसून झोपलेल्या बाईच्या हातातली चपलांची पिशवी सबंध प्रवासभर सांभाळणाऱ्या मुलीची जी गोष्ट आहे, ती वाचून मी माझं उतरायचं ठिकाण चुकले.

निवांतने तसं कळवलं. धुक्याबद्दलही कळवलं. तिचं उत्तर आलं — "धुकं कापते. माझ्याशी इतकं खरं कुणीच बोलत नाही."

खरं.

२० सप्टेंबर, शनिवार

आता खाजगी निरोप येतात. "तुम्हाला काका म्हणू की मावशी?" मी लिहिलं, "नुसतं निवांत म्हण." "करता काय?" लिहिलं, निवृत्त आहे, वेळ भरपूर. सरळ खोटं. टाईप करताना बोट अडखळलंसुद्धा नाही, याची जास्त भीती वाटली.

एका अनोळखी माणसाशी ती इतकं मनातलं बोलते, म्हणून खरं तर तिला रागवायला हवं. दहा वर्षांची होती तेव्हापासून मी तिला तेच शिकवत आलेय. पण रागवू कशी? अनोळखी माणूस मीच.

२४ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसात भानगड. आमचं ॲप लोकांच्या घरी सामान पोहोचवतं. त्यामुळे कोण कुठे राहतो, काय मागवतो, सगळं आमच्याकडे असतं. आपल्याच माणसांनी ते उगाच उघडून बघू नये म्हणून कुलपं करणं, हे माझ्या टीमचं काम. उन्हाळ्यात मी एक अलार्म बसवला — कामाशिवाय कुणी एखाद्याचं खातं उघडलं की तो आम्हाला कळवतो. आज तो पहिल्यांदा वाजला.

सापडले ते प्राध्यापक. खरे प्राध्यापक नव्हेत. काहीही विचारलं की फळ्यापाशी जाऊन समजावतात, म्हणून सगळे तसं म्हणतात. पन्नाशीचा, सरळ माणूस. त्यांनी स्वतःच्या धाकट्या भावाचं खातं उघडलं होतं. घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद आहे. भाऊ अजून त्याच घरी राहतो की कुठे गेला, एवढंच बघायचं होतं म्हणे.

चौकशी पुढच्या आठवड्यात. कुलूप माझं, म्हणून मत मी द्यायचं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लेकीचा निरोप. "निवांत, एक सांगू? मी गणिताच्या क्लासला जातच नाही. वाचनालयात जाऊन लिहिते. घरी माहीत नाही."

मी मीटिंगमध्ये होते. कुणीतरी मला प्रश्न विचारला. "आवाज तुटतोय" म्हणाले आणि कॅमेरा बंद केला.

आई म्हणून पहिल्यांदा राग. मग काळजी, ती कुठे असते, कुणाबरोबर असते. मग लाज — कारण सांगितलं तिने निवांतला आणि चिडले मी. चिडायचा हक्कच कुठून आणला?

लिहिलं, "घरी सांगून टाक. आईला सांग."

उत्तर लगेच आलं. "आईला सांगितलं तर ती माझा तक्ता करेल. लाल रकाने, हिरवे रकाने. तिला ऐकायचं नसतं, दुरुस्त करायचं असतं. वाईट नाहीये ती. फक्त मी तिच्यासाठी एक बिघाड आहे."

तीनदा वाचलं. माझ्या लॅपटॉपवर तिच्या अभ्यासाचा तक्ता खरंच आहे. खरंच रकाने लाल आणि हिरवे आहेत.

२९ सप्टेंबर, सोमवार

तक्ता काढून टाकला. संध्याकाळी फोन कपाटात ठेवला आणि तिच्या खोलीत जाऊन बसले. "काय चाललंय?" "काही नाही." "कंटाळा नाही ना येत क्लासचा?" तिने चमकून पाहिलं. "का गं?" "सहज."

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "हल्ली बदललीयस. बरं वाटतं." लेकही म्हणाली, "हो, आई जरा माणसात आलीय."

चोरीच्या मालावर कौतुक होतंय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चौकशी झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आमच्या मुख्य बाई, मनुष्यबळ विभागाचा एकजण, प्राध्यापक आणि मी. प्राध्यापकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काही लपवलं नाही. "पत्ता बदललेला दिसला. तेवढं बघून बंद केलं. त्याला कधी कळणारही नाही."

मुख्य बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं मत?"

मी म्हणाले, "हेतू कसाही असो, परवानगी नव्हती."

आवाज अगदी स्थिर. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारपर्यंत त्यांना काढल्याचं कळलं.

जाताना लिफ्टपाशी भेटले. हातात खोका, खोक्यात चहाचा मग आणि फळा पुसायचं डस्टर. मला वाटलं दोन शब्द सुनावतील. उलट म्हणाले, "तुम्ही योग्य तेच बोललात. पण एक विचारू? ज्याला कळलंच नाही, त्याला त्रास काय झाला?"

मी सवयीने उत्तर दिलं, नव्या मुलांना शिकवताना देते तेच. "सर, त्याच्याबद्दल काय कळू द्यायचं हे त्याने ठरवायचं होतं. ते तुम्ही परस्पर ठरवलंत."

त्यांनी खोका दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "हे खरंय. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं." आणि दार मिटलं.

मी जिन्याने उतरले. खाली पोचेपर्यंत माझंच वाक्य माझ्या मागे पायऱ्या उतरत होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

सांगायचं ठरवलं होतं. सकाळी ती उशिरा उठली, मग मैत्रीण आली, मग मी स्टूल घासत बसले. पाच मिनिटांचं काम दुपारपर्यंत पुरवलं.

सांगितलं नाही.

संध्याकाळी तिचा निरोप — "नवी गोष्ट लिहितेय. पहिल्यांदा तुम्हालाच दाखवणार."

९ ऑक्टोबर, गुरुवार

निवांतने गुपचूप निघून जावं, असंही मनात येतं. खातं बंद करायचं. तिला दोन दिवस वाईट वाटेल, मग विसरेल. मला आयुष्यभर काही सांगावं लागणार नाही. ऑफिसात अशा गोष्टीला आम्ही 'माग पुसणे' म्हणतो आणि त्याबद्दलही माणसाला काढतो.

नवी गोष्ट आली. आजोबांच्या दाढीच्या आरशात डोकावणारी मुलगी. आतापर्यंतची सगळ्यांत चांगली. खाली लिहिलंय — 'निवांत यांस. कारण ते वाचतात.'

आता मात्र सांगायलाच हवं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

नवरा बाजारात गेला होता. ती ओट्यापाशी उभी राहून संत्रं सोलत होती. मी म्हटलं, "मला तुझ्याशी बोलायचंय." म्हणाली, "क्लासचं ना? मीच सांगणार होते. निवां... एकजण म्हणत होतं, सांगून टाक." आणि तिने सांगितलं. क्लास, वाचनालय, गोष्टी, सगळं. न घाबरता. माझ्याकडे बघत. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते तेच घडत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

संपलं तेव्हा हसून म्हणाली, "काहीतरी बोल ना."

मी म्हणाले, "निवांत मी आहे."

तिला कळलंच नाही. "म्हणजे?"

"ते खातं माझं आहे. घरच्या इंटरनेटच्या नोंदीत मला ती जागा दिसली. मी वाचलं. आणि मग तुला लिहीत राहिले."

संत्र्याची साल तिच्या हातात लांबच लांब लोंबत होती. ती तिने नीट ओट्यावर ठेवली. ओरडली नाही. ओरडायला हवी होती.

"सगळं तूच? चपलांच्या पिशवीबद्दलचं?"

"हो. पण ते खरं होतं गं. मी खरंच उतरायचं विसरले होते."

"तू आई आहेस. तू विसरणारच."

मी म्हणाले, चूक झाली, मी तुझी हेरगिरी केली, मला नको होती करायला. तिने मान हलवली, जणू मी भलत्याच गोष्टीची माफी मागत होते.

"वाचलंस त्याचं नाही काही. आया वाचतात. पण मला वाटलं होतं, एक तरी माणूस असा आहे, ज्याची मी कोणीही लागत नाही, तरी त्याला माझं लिहिलेलं आवडतं." थांबली. "एकच होता. तो पण तूच निघालीस."

खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नवऱ्याला काल संध्याकाळीच सांगितलं. तो शांत माणूस. हातातलं वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवलं. मग म्हणाला, "तू तिचं पत्र फोडून वाचलं असतंस, तर एक वेळ समजलो असतो. तू तर उत्तरं लिहिलीस."

आज सकाळी चहा त्यानेच केला. माझ्यासमोर कप ठेवला. स्वतःचा घेऊन बाल्कनीत गेला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

डबीतली नोंद कायमची बंद केली. जुनी सगळी पुसली. निवांतचं खातं तिला विचारूनच बंद केलं. दारातून विचारलं, "बंद करू?" आतून आवाज आला, "तुझं आहे. तू ठरव."

१९ ऑक्टोबर, रविवार

क्लासचा प्रश्न बापलेकीने मिटवला. आठवड्यातून दोनदा क्लास, बाकी दिवस वाचनालय, उघडपणे. मला फक्त कळवण्यात आलं. बरोबरच आहे.

ती माझ्याशी भांडत नाही. "जेवण?" "जेवले." "उशीर होणार?" "नाही." हॉटेलात पाहुण्याशी बोलतात तसं. काल मी फोन कपाटात ठेवून जेवायला बसले, तर म्हणाली, "घे जवळ. गोष्टीत वाचलंस म्हणून नको ठेवूस."

मी म्हणाले, "मला खरंच बोलायला आवडतं तुझ्याशी."

"हे आईचं वाक्य की निवांतचं?"

नवरा म्हणाला, "ए, पुरे आता." ती लगेच गप्प झाली. मला मात्र वाटलं, तिने अजून बोलावं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

प्राध्यापकांना फोन केला. का केला सांगता येत नाही. कामाचं विचारलं. एका शाळेच्या कॉम्प्युटर विभागात लागलेत. आवाज बरा होता. "आता फळा रोज मिळतो," म्हणाले.

मग आपणहून — "भावाला भेटलो. नव्या पत्त्यावर नाही गेलो, ते चोरीचं झालं असतं. वहिनीला फोन करून विचारलं, येऊ का. आधी नाही म्हणाली. मग भावाचाच फोन आला."

मला त्यांना माझं सगळं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. त्यांच्यावर मत दिलं तेव्हा माझ्याच बॅगेत, माझ्याच फोनमध्ये निवांत बसला होता, हे कुठल्या तोंडाने सांगू? नोकरी त्यांची गेली. मला परवा नव्या कुलपांबद्दल टाळ्या मिळाल्या.

"तुमचं ते वाक्य मी शाळेतल्या पोरांना सांगतो," म्हणाले.



३० ऑक्टोबर, गुरुवार

मुख्य बाईंकडे गेले. म्हटलं, चौकशीत मत देण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. "का?" "मला ते नीट जमत नाही." त्या म्हणाल्या, "तुमच्याइतकं स्वच्छ कुणाला जमत नाही." मग मी कारण सांगितलं. नावं गावं न घेता, पण सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरातलं घरात असतं," म्हणाल्या. म्हटलं, प्राध्यापकांचंही घरातलंच होतं.

काम काढून घेतलं. कुलपं करायचं काम राहिलं. ठीक आहे.

घरी येऊन हे सांगितलं. लेक वहीत डोकं घालून होती. वर बघितलं नाही, पण पेन थांबलं. "खरंच सांगितलंस?" "हो." "बरं."

बरं. एवढंच. पण पाहुण्याला म्हणतात तसं नव्हतं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज तिने आपणहून विचारलं, चहा घेणार का. दोघी बाल्कनीत बसलो. मी विचारलं नाही की हल्ली लिहितेस का. त्या जागेवर मी पुन्हा पाऊल टाकलेलं नाही, टाकणारही नाही. तिची गोष्ट वाचायची असेल तर ती देईल तेव्हा. नाही दिली तर नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

लेक दुपारी माझ्या खोलीत आली. फोन माझ्यापुढे धरला. तिने नवी गोष्ट टाकलीय, हे मला माहीतसुद्धा नव्हतं. खाली कुणीतरी भरभरून लिहिलं होतं — शेवट पटला नाही, पण गोष्ट बहिणीला मोठ्याने वाचून दाखवली, अजून लिहा.

"हे तूच ना?"

"नाही गं."

"आई, खरं सांग."

"शपथ. मी नाही. हे खरंच कुणीतरी आहे."

तिने बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. चिडलेली नव्हती, फक्त पटलं नव्हतं. मग माझ्यासमोरच अंगठ्याने ते लिहिलेलं सगळं पुसून टाकलं.